गवत कापायच्या गाडीचं कपाळ

लग्नाच्या लॉनवर गवत खरं असावं, एवढीच माझी मागणी होती. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला तीही जास्तीची वाटली.

फुलंब्री रस्त्याला आमचं मंगल कार्यालय आहे, त्याच्यापुढं मोठं लॉन. तारखा देणं, देवाधर्माचं बघणं आणि पाहुण्यांपुढं हात जोडणं दादाकडं, गवत माझ्याकडं. एमआयडीसीतला एक कारखाना बंद पडला, तेव्हा त्याच्या बागेतली गवत कापायची गाडी आम्ही जुन्यात घेतली. वर सीट, हातात स्टेअरिंग, पोटाखाली पातं. बारक्या ट्रॅक्टरसारखी दिसते. तिच्यावर बसून लॉनवरून फिरताना मला स्वतःची वरात निघाल्यासारखं वाटतं, आणि या वरातीत नवरीकडची मंडळी नसतात हे विशेष.

गेल्या साली तुळशीचं लग्न लागलं आणि ऐन हंगामाच्या तोंडावर गाडीनं दम सोडला. सुरू झोकात व्हायची. चार फेऱ्या मारल्या की आवाज बसायचा, पातं गवत कापायच्या ऐवजी कुरवाळायला लागायचं, आणि दोन आचके देऊन सगळं शांत. मी चहा पिऊन येईस्तोवर पुन्हा ठणठणीत.

दादानं गुलमंडीवरून प्लास्टिकच्या गवताचा एक तुकडा आणून टेबलावर ठेवला.

"रविवारचं लग्न होऊन जाऊ दे. शनिवारपर्यंत तुझी म्हातारी चालली तर चालली, नायतर सोमवारी हे अंथरतो. पाणी नको, कापणं नको."

"दादा, यावर लेकरं पडली की गुडघे सोलून निघतील."

"लेकरांनी लग्नात पडायचं कशाला?"

मी तो तुकडा उचलून त्याच्या खुर्चीवर टाकला आणि निघून आलो. माझं डोकं असं तापलं होतं की वर तवा ठेवला असता तर भाकरी फुगली असती.

मुकुंदवाडीहून मिस्त्री आणला. तो येईपर्यंत गाडी थंड झालेली, त्यामुळं त्याच्यासमोर ती सुनेसारखी गुमान चालली. त्यानं इंजिनाला कान लावला, डोळे मिटले.

"साब, पिस्टन ढीला हो गया. नवा इंजन डालो, नक्को तो भंगार में दे दो."

"पिस्टन ढिला असंल तर आत्ता कशी काय चालली?"

"चलने को क्या साब, मेरे अब्बा बी चलते."

तो गेला आणि गाडी बंद पडली. मग सल्ल्यांची रांग लागली. मांडववाला म्हणाला प्लग. फुलवाला म्हणाला कार्बोरेटर. ज्यानं जन्मात सायकलची चेन बसवली नाही, तोही जाता जाता एक पार्ट सांगून जायचा. मी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, हवेचं फिल्टर झटकलं. गाडी चार फेऱ्या मारायची ती चारच. मला राग गाडीचा नव्हता. ती बिचारी रोज एकाच पद्धतीनं बंद पडून काहीतरी सांगत होती, आणि एकही शहाणा ती बंद पडेपर्यंत तिच्याजवळ थांबायला तयार नव्हता. पार्टचं नाव घ्यायचं, पान थुंकायचं, निघायचं.

शुक्रवारी मी असाच धुमसत कोठीघरात पाणी प्यायला गेलो. तिथं वहिनी, म्हणजे दादाची बायको, आचाऱ्यासाठी तेलाचा डबा फोडत होत्या. खिळा ठेवून हातोडी मारली, एक भोक पडलं. डबा कलता केला तर तेल गचके देत आलं, आणि थांबलं. वहिनींनी समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक मारलं. आत वारा शिरला आणि तेलाची सरळ धार लागली.

"भाऊजी, डब्याकडं असं काय बघताव? सिनेमा लागलाय का?"

मी तांब्या तिथंच ठेवून पळालो. गाडीवर बसलो, चार फेऱ्या मारल्या. आवाज बसला, आचके, बंद. यावेळी चहाला गेलो नाही. लगेच पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून आत वारा गेला, अगदी कुणीतरी किती दिवसांचा कोंडलेला श्वास घ्यावा तसा. किल्ली मारली तर गाडी त्याच क्षणी सुरू.

झाकणाला वारा आत जायला एक बारीक भोक असतं. मी ते शोधायला लागलो तर सापडेना. झाकणावर लालभडक खपली होती, नखानं निघेना इतकी कडक. मग उजेड पडला. दरवर्षी खंडेनवमीला दादा यंत्रांची पूजा करतो. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतं म्हणून तेलात कालवतो, आणि अंगठा दाबून टिळा लावतो. मोटारसायकलचं कपाळ म्हणजे पुढचा दिवा. या गाडीचं कपाळ त्याला कुठं सापडलं, तर टाकीच्या झाकणावर. वर्षानुवर्षं एकावर एक थर, त्यात धूळ, त्यात गवताचा भुसा. वर्षभर त्या गाडीला एक फडकं मारायचं नाही, आणि सणाच्या दिवशी भक्तिभावानं तिचं नाक दाबायचं.

मी झाकण घेऊन ऑफिसात शिरलो आणि त्याच्या टेबलावर आपटलं. बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. वऱ्हाडाची खोली बघायला आलेले पाहुणे उठून बाहेर गेले. दादानं शांतपणे झाकण डोळ्याजवळ नेलं.

"कुंकू खरवडणार व्हय तू? पायाखाली नको पाडू."

मला खरंच वाटलं की आता मला झटका येणार. तेवढ्यात दारातून वहिनी म्हणाल्या, "खरवडू द्या. येत्या खंडेनवमीला मी तुमच्या नाकाला टिळा लावते. दोन्ही भोकांना."

वहिनींच्याच साडीच्या पिनेनं भोक मोकळं केलं. दादा स्वतः गाडीवर बसला. बंद पडावी म्हणून तो फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिला आणि त्या नादात रविवारचं सगळं लॉन कापून टाकलं. उतरून म्हणाला, "आत्ता चालली म्हणून काय झालं," पण सोमवारी काही अंथरलं नाही. गुलमंडीचा तुकडा ऑफिसच्या दारात आहे, चपला पुसायला.

यंदा खंडेनवमीला मी झाकणावर वाटी पालथी घालून शेजारीच उभा राहिलो. दादा कुंकवाचा अंगठा हवेत धरून गाडीभोवती हिंडला, माझ्याकडं बघितलं, आणि मी झाकणावर नजर रोखून असताना कुठंतरी टिळा लावून निघून गेला. कुठं लावला ते मला दुपारी कळलं, गाडीवरून उतरल्यावर, तेही वहिनी हसायला लागल्या तेव्हा. पांढरा पायजमा होता. बसायच्या जागी लागलेलं तेलातलं कुंकू अजून निघालेलं नाही.