छपराखाली बोलायचं नाही

नाटकातून इंग्रजी शिकवायची कल्पना मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि दरवर्षी कचेरीच्या एकांकिकेत काम केलं, माझ्यापाशी शिकवण्यासारखं एवढंच होतं. निवृत्त झाल्यावर विरारच्या फ्लॅटमध्ये बसून बायकोचं डोकं खात होतो, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या एकाने विचारलं. तो कामणच्या एका गोदामात मॅनेजर. रविवारी आमच्या लोकांना थोडं इंग्लिश बोलायला शिकवाल का, म्हणाला. व्याकरण मला धड येत नाही. मी सांगितलं, बोलायला लावीन, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

गोदामाशेजारच्या रिकाम्या गाळ्यात वर्ग भरायचा. वर पत्रा, खाली बसायला पुठ्ठे. नऊ-दहा जण यायचे. एकाने ट्रक ड्रायव्हर व्हायचं, दुसऱ्याने गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या डिस्पॅच डेस्कवर बसायचं, आणि उशीर का झाला यावरून दोघांनी इंग्रजीत भांडायचं. चुका झाल्या तर होऊ देत, थांबायचं मात्र नाही. माणसं भांडायला लागली की त्यांना शब्द सुचतात, हे मी कचेरीत रोज बघितलं होतं.

त्यांच्यात एक बाई होती, चाळिशीची, खाडीकाठच्या गावातली. घरची थोडी भातशेती आता दीर बघायचा. ती पाच वर्षं गोदामात पॅकिंगला होती. ते काम उभ्याने करायचं, रोजचे नऊ तास. गुडघे पार गेले होते आणि डॉक्टरने बसून करायचं काम शोधा म्हणून सांगितलं होतं. गोदामात बसून करायचं काम एकच, डिस्पॅच डेस्कचं. ती जागा दोन महिन्यांत रिकामी होणार होती, पण तिथून हेड ऑफिसला इंग्रजीत फोन करावे लागत. पहिल्याच रविवारी तिने मला सांगून टाकलं, "सर, मला इंग्लिशची हौस नाय. मला ती खुर्ची पायजे."

ही बाई मला तेव्हाच आवडली. हौसेने शिकायला येणाऱ्यांचा मला लवकर कंटाळा येतो.

परीक्षा फोनवर होणार होती. हेड ऑफिसचा साहेब दोन प्रसंग देणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक ट्रक उशिरा आल्याचा आणि दुसरा गोदामात अपघात झाल्याचा. ट्रकचा प्रसंग तिने तीन रविवारांत पक्का केला. समोरच्या खोट्या ड्रायव्हरला ती असं झापायची की तो खरंच सॉरी म्हणायचा. अपघातापाशी मात्र गाडी अडली. मी सांगायचो, माणूस रॅकवरून पडलाय, डोळे उघडत नाही, रक्त येतंय, करा फोन. ती मोबाइल कानाला लावून म्हणायची, "सर, वन मॅन फॉल. बट ही इज ओके. ही इज ड्रिंकिंग टी."

वर्ग हसायचा. पहिल्यांदा मीही हसलो. चौथ्यांदा म्हटलं, "अहो ताई, तो चहा पीत बसलाय तर साहेब ॲम्ब्युलन्स कशाला पाठवील?"

तेव्हा तिने कारण सांगितलं. "छपराखाली असं वाईट बोलू नये सर. वास्तू ऐकत असते, मधीच तथास्तु म्हनते. कधी म्हनंल सांगता येत नाय."

"हे घर नाही, गाळा आहे."

"गाळ्याची पन पूजा झालीय ना. दारावर बघा, लिंबू-मिरची हाय."

माझं डोकं फिरलं. खुर्ची हवी की वास्तू ते एकदा ठरवा, असं मी सगळ्यांदेखत बोललो. तिने वही पिशवीत घातली आणि गेली.

खरं तर माझा राग तिच्यावर नव्हता. एका वर्षी एकांकिकेत मी मरणाऱ्या माणसाचं काम केलं होतं. आईला घरात ती तालीम चालत नसे, ती मला चाळीच्या बाहेर मैदानात पिटाळायची. मी हट्टाने खोलीतच घोकायचो. त्याच वर्षी वडील गेले. त्यांना आधीपासून दमा होता, दोन्हींचा काही संबंध नाही, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. आई त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. फक्त माझ्या नाटकाबद्दल तिने पुन्हा विचारलं नाही. ते न विचारणं मला अजून बोचतं.

पुढच्या रविवारी बाई परत आली आणि दारातूनच म्हणाली, "सर, आपन भायेर करू. रस्त्यावर वास्तू नसते."

मी भांडायच्या तयारीत होतो, पण यावर भांडण्यासारखं काही नव्हतं. वर्ग उचलून भिवंडी रोडच्या कडेला नेला. एक मुकादम पडलेला माणूस झाला आणि चक्क मातीत आडवा झाला. बाईने मोबाइल काढला आणि सुरू झाली, "सर, ही फेल डाउन! ही इज नॉट ओपनिंग हिज आइज! ब्लड इज कमिंग, सर, सेंड ॲम्ब्युलन्स!" मी चाट पडलो. हा आवाज तिने इतके दिवस कुठे ठेवला होता? दोन मिनिटांत एक रिक्षा थांबली. चिंचोटीच्या धबधब्यावरून भिजून परतणारी चार पोरं बाईकवरून उतरली आणि एकाने मुकादमाच्या तोंडावर बाटलीतलं पाणी ओतलं. मुकादम शिव्या देत उठून बसला. रिक्षावाला विचारत होता, कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं. नाटक चाललंय, असं बाई सगळ्यांना सांगत होती, आणि तिला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर अपघाताची तालीम रस्त्यावरच व्हायची. उरलेल्या सगळ्या रविवारी.

परीक्षेच्या दिवशी ट्रकचा प्रसंग ती ऑफिसमध्ये बसून बोलली. दुसरा आल्यावर म्हणाली, "वन मिनिट सर, नेटवर्क प्रॉब्लेम," आणि दुखरे गुडघे घेऊन गेटबाहेर चालत गेली. मॅनेजरने मला हे नंतर सांगितलं. गोदामात नेटवर्कला कधीच काही प्रॉब्लेम नसतो, असंही म्हणाला. तिला जागा मिळाली. पेढे द्यायला ती विरारला आली, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे का ते आधी फोनवर विचारून.

पाच-सहा महिने गेले. एका दुपारी मी चहा टाकत होतो आणि तिचा फोन आला. आवाज सपाट होता. सकाळी माल चढवणारा एक लोडर वरच्या रॅकवरून खाली पडला, खरोखरचा. ॲम्ब्युलन्सला फोन तिनेच केला, हेड ऑफिसलाही तिनेच. "सगळं बरोबर बोलले सर. ही इज नॉट ओपनिंग हिज आइज, तीनदा बोलले. साहेबाला समजलं. दहा मिन्टांत गाडी आली."

"शाबास," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

मग म्हणाली, "खुर्चीत बसूनच बोलले, सर. भायेर जायचं ध्यानातच नाय आलं. तो अजून शुद्धीवर नाय. त्याची बायको हितं हॉस्पिटलात माझ्यासमोर बसलीय."

मला उत्तर ठाऊक होतं. तुम्ही बाहेर गेला असतात तर गाडीला उशीर झाला असता, तुमच्या बोलण्याने कोणाचं काही होत नाही. हे उत्तर मी स्वतःला कित्येक वर्षं देत आलोय.

"तो बरा होईल," मी म्हटलं.

"सर, घरात आहात ना?"

"घरातच आहे."

"मग परत बोला."

मी गॅस बंद केला, स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिलो आणि नाटकात शेवटच्या रांगेसाठी लावायचो तो आवाज लावून परत म्हणालो, तो बरा होईल. बायको धावत आली आणि विचारायला लागली, कोण?