मनगट कसे मोडले, याची नोंद

रसायनशास्त्राच्या बाईंचा राग शाळेत दंतकथा होऊन बसला होता. सव्वीस वर्षांत त्यांनी किती डस्टर भिंतीवर आपटून फोडले, याची मोजदाद शिपायानेही सोडून दिली होती. मुले त्यांना 'तोफ' म्हणत. प्रयोगवहीत दुसऱ्याचे निरीक्षण उतरवलेले सापडले, की पान टरकन फाटे. "जे दिसलं तेच लिही! जे दिसायला हवं होतं, ते पुस्तकात आधीच छापलंय." चूक झाली तर पट्टीने एकच रेघ मारायची, खालचे वाक्य वाचता आलेच पाहिजे, हा दंडक.

त्या सोमवारी वरच्या वर्गातल्या एका मुलीने घाईत तीव्र आम्लात पाणी ओतले. चंचुपात्र फसफसून उसळले. मुले किंचाळत टेबलांखाली दडली. बाईंनी झेप घेऊन मुलीला दोन्ही हातांनी ढकलले. ती दगडी ओट्यावर आदळली आणि तिचे डावे मनगट कडकन मोडले. आम्ल बाईंच्या मानेवर उडाले. जळती मान नळाखाली धरून त्या ओरडत होत्या, "आधी तिचा हात बघा!"

बुधवारी मुलीचे वडील मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले. ते वेल्डर होते. मनगट मांडीएवढे, डोळे तांबारलेले. मागून मुलगी, हात प्लास्टरमध्ये. मानेला पट्टी बांधलेल्या बाई आधीपासूनच तिथे बसल्या होत्या.

"या बाईनं पोरीला मारलं! बडतर्फ करा हिला. पोरीनं स्वतःच्या हातानं लिहिलंय," म्हणत त्यांनी प्रयोगवही टेबलावर आदळली.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. "इथं दोन नोंदी आहेत. खालची, 'बाईंनी मला मारले.' आणि वरची, खोडलेली, 'मी आम्लात पाणी ओतले. बाई मध्ये आल्या. माझा तोल गेला आणि मी पडले.'"

"खोडलंय ना ते? मग वाचता कशाला?"

"बाबांनी खोडायला लावलं," मुलगी पुटपुटली.

वडिलांचा हात सणकन फिरला. मुलगी कोलमडली, ओठ फुटला. दुसरा हात उगारताच बाईंनी तो धरला. वडिलांनी बाईंना कागदांच्या काचेच्या कपाटावर आदळले. काचा फुटल्या, मानेची पट्टी सुटली, कोवळी जखम रक्ताळली. बाईंनी मात्र हात सोडला नाही. शेवटी शिपाई आणि पहारेकरी दोघांनी मिळून वडिलांना फरफटत बाहेर नेले.

खोलीत काचांचा खच पडला होता. मुख्याध्यापकांनी वही उचलून झटकली. "सुटलात, बाई! पोरगीच म्हणते, तोल गेला. प्रकरण मिटलं."

बाईंनी मुलीच्या ओठाला ओला रुमाल लावला. "तोल गेला होता तुझा?"

मुलीने मान खाली घातली. "तुमची नोकरी जाईल म्हणून..."

"गाढवे! धक्का कुणी दिला?"

"तुम्ही."

"हळू की जोरात?"

"खूप जोरात."

बाईंनी वही ओढून घेतली. दोन्ही नोंदींखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'मी विद्यार्थिनीस दोन्ही हातांनी, पूर्ण जोराने ढकलले. त्या धक्क्याने मनगट मोडले. मारले नाही.' खाली सही, तारीख, वेळ.

"अहो, हे वर पाठवलं तर चौकशी लागेल!" मुख्याध्यापक कळवळून म्हणाले.

"लागू दे," बाई म्हणाल्या, आणि मानेवर पट्टी दाबून धरत त्यांनी वही मुख्याध्यापकांपुढे सरकवली.