बसच्या पासाच्या साडेतीनपट

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. घर शहराच्या एका टोकाला, काम दुसऱ्या टोकाला, मध्ये सव्वीस किलोमीटर. नऊ वर्षं तो हे अंतर मोटारसायकलनं कापत होता. बसचा विषय निघाला की म्हणायचा, "थांब्यावर उभं राहण्यात माझं अर्धं आयुष्य जाईल." त्याची बायको एका शाळेत कारकून होती आणि रोज बसनंच जायची.

एके दिवशी चढावर मोटारसायकल निळा धूर ओकायला लागली. मेकॅनिकनं इंजिन खोललं, आत बोट फिरवलं.

"पिस्टन गेलाय. सिलिंडरही घासलाय. पार्ट यायला तीन आठवडे लागतील."

खर्चाचा आकडा त्यानं दोनदा विचारला.

पेट्रोलचा खर्च त्याला तोंडपाठ होता. टायर, चेन, ऑइल, विमा आणि आता हे इंजिन मात्र आजवर कधी एका कागदावर आलंच नव्हतं. त्या संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहून त्यानं सगळं महिन्यावर वाटलं. बसच्या पासाच्या साडेतीनपट भरलं.

"नाकापेक्षा मोती जड," बायको भांडी पुसत म्हणाली. "पण बसनं गेलास तर रोजचा दीड तास जास्त जाईल. तोही धर."

दुसऱ्या दिवसापासून दोघं एकत्र निघू लागले. मोठ्या चौकापर्यंत बस एकच होती. चौकात ती उतरायची, तो बस बदलायचा. पहिल्याच सकाळी बस भरलेली असूनही तिच्यासाठी कुणीतरी खिडकीची जागा धरून ठेवली होती. कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, निकाल लागला का?"

"कसला निकाल?" त्यानं हळूच विचारलं.

"हेडक्लार्कच्या परीक्षेचा. दोनदा नापास झाले. या वेळी लेखी दिलीय, तोंडी बाकी आहे."

"मला बोलली नाहीस."

"घरी तू हेल्मेट घातल्यासारखं ऐकतोस."

"आणि अभ्यास?"

"इथंच. येता-जाता."

पुढच्या थांब्यावर शेजारची जागा रिकामी झाली, तेव्हा तो बसला आणि त्यानं तिच्या पिशवीतलं नियमांचं पुस्तक मागून घेतलं. मग रोज तो प्रश्न विचारायचा, ती उत्तर द्यायची. रजेच्या नियमांवर कंडक्टरही मधेच तोंड घालायचा आणि हटकून चुकायचा.

लेखीत ती पास झाली. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मेकॅनिकचा फोन आला, गाडी तयार आहे. "राहू दे दोन दिवस," तो म्हणाला.

तिला बढती मिळाली, पण शहराच्या उलट बाजूच्या शाळेत. बरोबर जाणं चार महिन्यांत संपलं. तोवर त्यानं कामावर अर्धा तास उशिरा यायची परवानगी मिळवली होती. "दात वेळेवर गेले की झालं," मालक म्हणाले होते. मोटारसायकल त्यानं मेकॅनिकलाच विकली, दुरुस्तीच्या खर्चाहून थोड्या जास्त किमतीला.

बसमध्ये सलग वाचलं की त्याला मळमळतं, म्हणून तो काचेला डोकं टेकून झोपतो. आठवड्यातून एकदा तरी त्याचा थांबा चुकतो.