चाखल्याशिवाय पुडी नाही

तुळिंजला आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर काष्ठौषधींचं दुकान आहे. तिथले काका स्वतः चावून पाहिल्याशिवाय कशाचीच पुडी बांधत नाहीत. गोड ज्येष्ठमध असो की कडूजहर काडेचिराईत, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

"औषधाची पहिली ओळख जिभेला पटते," ते म्हणतात. "गोडाने कफ वाढतो, कडूने पित्त उतरतं. चव उडालेल्या मुळीत गुण कुठला राहतोय?"

मध्यंतरी तापात काकांचीच चव गेली. दुकान उघडं, उदबत्ती लावलेली, पण पुड्या बांधणं बंद. मी सासऱ्यांसाठी काडेचिराईत मागितलं.

"ताई, मला चव लागत नाहीये. मध न्या, तो सीलबंद आहे."

"अहो काका, बरणीवर नाव लिहिलंय की!"

"ते बरणीचं नाव झालं."

समोरचा मेडिकलवाला म्हणाला, मी चाखून देतो. काकांनी त्यालाही मध दाखवला.

मग रोज येता-जाता मला तेच दिसायचं. काका काडेचिराइताची काडी चावायचे, उठून चूळ भरायचे आणि मधाच्या बाटल्या पुसत बसायचे. गिऱ्हाइकं हळूहळू स्टेशनजवळच्या दुकानाकडे वळली.

काल मी समोर उभी असतानाच त्यांनी काडी चावली. चेहरा नेहमीसारखा कोरा. मला काहीच कळेना.

"लागलं का कडू?"

काकांनी चूळ भरली नाही. तराजू पुढे ओढला.