नाही म्हणायची सोय

आमची आत्या शिंपीण. मापं घेताना तिच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे तिला बोलता येत नाही, आणि म्हणूनच बायका तिच्याशी बोलतात. नवऱ्याच्या कागाळ्या, सासूची गाऱ्हाणी, पोरांचे प्रताप, सगळं आरशासमोर हात पसरून उभ्या राहून सांगतात. आत्या नुसतं "हं" म्हणते. एरवी तिला गप्प बसवायची कुणाची टाप नाही.

तिचे यजमान गेले तेव्हा मात्र ती खरंच गप्प झाली. त्या दिवसांत तिला नाचायला ओढून नेलं ते राजेंनी. राजे हे टोपणनाव. धंदा विम्याचा, पण चाल अशी की आत्ताच सिंहासनावरून उठून आलेत. शाळेच्या व्यायामशाळेत दर रविवारी संध्याकाळी जोडीनं नाचणाऱ्यांचा घोळका जमायचा. बॅडमिंटनच्या रेघांवर कंबर हलवणारी ती प्रौढ मंडळी बघून मला आधी हसूच फुटलं. पण आत्या तिथून घरी आली ती गुणगुणत! त्या दिवसापासून राजे माझ्या लेखी देवमाणूस.

पुढे त्या घोळक्याची सूत्रं आत्याच्याच हाती आली. तिनं लगेच एक नियम घातला: कुणी नाचायला विचारलं तर नाही म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी राजेंनी विचारेपर्यंत ती स्वतः भिंतीला टेकून बसली होती. ते तिच्या मनातून जात नव्हतं. इथे कुणी असं बसून राहणार नाही, हा तिचा हट्ट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घोळक्यात औषधांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण गिरक्या घ्यायला लागली की थांबायचं नाव नाही. ही भिंगरी मध्येच यायची बंद झाली. मग एका दुपारी बाही घट्ट करून घ्यायला दुकानात आली. मी कोपऱ्यात काजं करत होते. आत्यानं टाचण्या तोंडात धरल्या आणि पोरगी बोलायला लागली.

"राजे नाचताना फार जवळ ओढतात. हात पाठीवरून खाली आणतात. मी सरकवला की परत खाली. कानात काहीबाही बोलतात. आणि आत्या, तुमच्या नियमामुळे नाही म्हणायचीसुद्धा सोय नाही. मी आता येणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्यानं एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

"बाही राहू दे. बस. तुझं नाव न घेता इतरांना विचारलं तर चालेल?"

"मला खोटं पाडायला?"

"नाही गं बाई. तू एकटी पडू नयेस म्हणून."

त्या आठवड्यात आत्यानं बायकांना एकेकटीला गाठलं. घोळक्यातल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, राजे जवळ आले की मी पाणी प्यायला जाते. आणि आम्ही त्यांना पाणघोडा म्हणून चिडवायचो! दुसरी एक राजेंची पाळी यायच्या आत घरी पळायची. प्रत्येकीला वाटत होतं, हे आपल्याच वाट्याला आलंय. पुरुषांपैकी चष्मेवाले म्हणून एक होते, ते तेवढे म्हणाले, "माणूस मोकळा आहे हो, समजावा हळूच, बोभाटा कशाला?" बोभाटा म्हणे! पोरी पळून चालल्या त्याचं काही नाही.

आत्या मशीनवर बसून एक सरळ शिवण उगाच उसवत राहिली. "त्यांनी मला उठवून उभं केलं गं," म्हणाली, आणि रडली. "दुसऱ्या कुणाबरोबर मला धड नाचताही येत नाही." मी चहा ठेवला.

शनिवारी तिनं राजेंना दुकानात बोलावलं. मी जागची हलले नाही, काजं चालूच ठेवली. सगळं ऐकून राजे हसले.

"अहो आत्याबाई, जोडीचा नाच आहे. हात काय खिशात घालून नाचू? घसरतो कधीतरी चुकून."

"इतकी वर्षं तुमचा हात माझ्या पाठीवर आहे, राजे," आत्या म्हणाली. "एकदाही घसरला नाही. तो चुकून घसरत नाही."

राजेंचं हसू मावळलं. मग नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी नसतो तर अजून या मशीनवर रडत बसला असतात!"

"खरं आहे. ते मी विसरणार नाही. पण ते उपकार काय मी त्या पोरींच्या जिवावर फेडू? उद्यापासून येऊ नका."

गाण्यांचा स्पीकर राजेंचा होता. "बघतो कसे नाचता ते," म्हणून गेले.

रविवारी आम्ही मोबाइल स्टीलच्या बादलीत ठेवला. विहिरीत बसून कुणी गातंय असा आवाज येत होता. राजेंच्या बाजूची काही मंडळी आलीच नव्हती. भिंगरी मात्र आली, दाराशीच उभी. आत्या मधोमध गेली.

"तो नियम माझा होता आणि तो चुकला. आजपासून नाही म्हणायचं असेल त्यानं खुशाल म्हणावं. समोरच्यानं कारण विचारायचं नाही. काही खटकलं तर मला सांगा, मला सांगायला जड गेलं तर मास्तरीणबाईंना. राजे का नाहीत ते मला विचारा, पोरींना नाही."

कुणी हलेना. शेवटी चष्मेवाले घसा खाकरत भिंगरीपुढे गेले. "नाचणार?"

"नको," भिंगरी म्हणाली.

"बरं," चष्मेवाले म्हणाले आणि मास्तरीणबाईंकडे वळले. आभाळबिभाळ काही कोसळलं नाही.

हळूहळू जोड्या जमल्या. आत्या मात्र जाऊन भिंतीला टेकून बसली, त्याच भिंतीला. तेवढ्यात भिंगरी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आत्या, येता? नाही म्हटलंत तरी चालेल."

"आज नको गं."

"बरं," म्हणून पोरगी तिच्या शेजारी बसली. गाणं संपलं, बादलीतून दुसरं सुरू झालं. आत्यानं तिला कोपरानं ढोसलं. "एकदाच विचारतात होय?"

भिंगरी हसत उठली. तिनं आत्याच्या पाठीवर हात ठेवला, खांद्याच्या जरा खाली, जिथे ठेवायचा असतो तिथेच.