काळ्या गाडीवरचे पिवळे तुकडे

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या हकिकतीत मी पॉलिशवाल्या मावशींवर दोनदा भडकलो आहे आणि दोन्ही वेळा मान खाली घालून घरी आलो आहे. मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. पण आज मी धडधाकट बसून हे सांगतोय ते त्यांच्या बोटांमुळे. तेव्हा नात्याचं काय ते तुम्हीच ठरवा.

तीन वर्षांपूर्वी मी स्वतःचा पहिला ट्रक घेतला. जुनाच, सहा चाकी, पण रंग काळा कुळकुळीत. बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अहो, काळ्यावर बोटसुद्धा उमटतं. आता जन्मभर फडकं घेऊन फिरा." मी ऐकतोय कसला. रोज सकाळी घरातला लांब दांड्याचा ब्रश घ्यायचो आणि मोठ्या प्रेमाने गाडी घासायचो. दोन महिन्यांत उन्हात उभी केली की टपापासून दारापर्यंत गोल गोल ओरखडे चमकायचे, जणू तिच्यावर मांजरांची शर्यत झाली होती. त्यात पक्ष्यांनी टाकलेले डाग आणि कुठल्याशा झाडाचा चीक. शेवटी शरण गेलो ते वळणावरच्या गॅरेजला.

तिथे मावशी भेटल्या. बुटक्या, केस आवळून बांधलेले, साडीवरून ढगळ पुरुषी शर्ट. शर्टाच्या बटणांवर झाकणासारखी कापडाची पट्टी शिवलेली, कारण वाकताना बटण घासलं तरी काळ्या रंगावर रेघ उठते. हातात ना बांगडी, ना अंगठी, ना घड्याळ. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कशाने पुसतोस?"

"ब्रशने."

"कसला ब्रश?"

"तो... फरशी घासायचा."

"आणि फरशी कशाने घासतोस? फुलांनी?"

गॅरेजातले सगळे हसले. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती.

मावशींची कामाची रीत ठरलेली. गाडी आधी दोनदा धुवायची. मग उजवा हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि पत्र्यावरून हलकेच फिरवायचा. उघड्या हाताला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं. बारीक कण, उडालेला रंग, वाळलेला चीक. ते सगळं चिकट मातीच्या गोळ्याने उचलायचं. गाडीच्या कडांवर टेप लावून घ्यायचा, कारण कडेला रंग पातळ असतो. नंतर पॉलिशचं मशीन. एका वेळी हातभर जागा, त्याहून जास्त नाही, आणि दर थोड्या वेळाने मशीन थांबवून पत्रा किती तापला ते बोटांनी बघायचं. जास्त तापला तर वरचा थर जळतो.

"वरचा थर कागदाएवढा असतो," त्या मला म्हणाल्या. "दर पॉलिशला त्यातला थोडा जातो. खोल ओरखडा काढायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा रंग त्याच्या तळापर्यंत उतरवायचा. मी नाही उतरवणार. पुढच्या वर्षीही तुला गाडी हवी आहे ना?"

म्हणून जे ओरखडे त्या ठेवायच्या, त्यांच्याशेजारी पिवळ्या टेपचा नखाएवढा तुकडा लावायच्या. गाडी पुसून कोरडी झाली की शेडबाहेर उन्हात आणायची आणि मालकाला हाताला धरून एकेक तुकडा दाखवायचा. हा दगड लागलेला आहे. हा काट्याचा, खोल आहे, राहील. इथे पूर्वीच्या पेंटरने धुळीत रंग मारलाय. "ओल्या गाडीवर कुणीही खूश होतं," त्या म्हणायच्या. "वाळल्यावर बघ आणि मग बोल." गॅरेजच्या मालकाला हे मुळीच पटायचं नाही. गिऱ्हाईक विसरतंय तर बाई आठवण करून देते, असं तो कपाळाला आठ्या घालून म्हणायचा. पण गिऱ्हाइकं मावशींनाच विचारत यायची, त्यामुळे त्याची बोलती बंद.

माझ्या गाडीवर अकरा तुकडे निघाले. दहा मी निमूट मान्य केले. अकरावा होता ड्रायव्हरच्या दाराखाली, जिथे केबिनचा खांब खाली टेकतो तिथे. रंगाला केसाएवढी चीर होती आणि त्या वीतभर जागेला मावशींनी मशीन लावलंच नव्हतं. चकचकीत काळ्या गाडीवर तेवढा एक मळकट पट्टा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवसांनी मला घाटातल्या कारखान्याचा माल चढवायचा होता आणि तिथल्या पहिल्याच खेपेला रुबाबात जायचं होतं.

"एवढंसं पॉलिश करायला काय होतं तुम्हाला?"

"रंग आपल्या मनाने फाटत नाही," मावशी म्हणाल्या. "खाली काहीतरी हलतंय. बोटाला लागतंय मला. आधी वेल्डरकडे जा."

"मी चमक मागितली होती, सल्ला नाही."

मालक मध्ये पडला, म्हणाला, करून टाका ना मावशी. मावशींनी मशीनची वायर गुंडाळली आणि ते त्याच्या पायाशी ठेवलं. "तुम्ही करा."

त्याने केलं नाही. मी धुमसत वेल्डरकडे गेलो, ते केवळ मावशी खोट्या पडाव्यात म्हणून. वेल्डरने रंग खरवडला, त्याखाली भरलेली जाड लांबी, म्हणजे पुट्टी, फोडली आणि कुणीतरी हुशारीने बुजवलेला गंजका लोखंडी आधार उघडा पडला. अख्खी केबिन ज्यावर बसते तो. आरपार तडकलेला. वेल्डरने फटीत बोट घालून दाखवलं आणि म्हणाला, "यावर माल भरून तू घाट उतरणार होतास?" मी तिथेच टायरवर बसलो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच गॅरेजात गेली आणि मावशींचे दोन्ही हात हातात घेऊन उभी राहिली, असं मला नंतर कळलं. मी मात्र आभार मानायला गेलो आणि हवापाण्याचं बोलून परत आलो. पुढे तीन वर्षं तेच. शब्द ओठापर्यंत यायचा आणि मी विचारायचो, "मेण कुठलं वापरता?"

मावशींची माहिती मला तुकड्यातुकड्याने मिळाली. लग्नानंतर वीस वर्षं त्या नवऱ्याबरोबर दगडी फरश्यांना पॉलिश करायच्या. नव्या इमारतींत, गुडघ्यावर बसून, पाण्यात. पुढे कारखान्यातूनच चकचकीत होऊन येणाऱ्या फरश्या आल्या आणि ते काम संपलं. नवरा गेला, लेक शिकत होती. गॅरेजात त्या साफसफाईला लागल्या. तेव्हा मालकाने स्वतःच्या गाडीवर मशीन फिरवून पाडलेले डाग त्यांनी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत हाताने काढले, तेही बॉनेटच्या अर्ध्याच भागातले. उरलेला अर्धा तसाच ठेवला. संध्याकाळी मालकाने दोन्ही बाजू पाहिल्या आणि मशीन त्यांच्या हातात दिलं. ते अर्धं बॉनेट आठवलं की मावशी अजून गालातल्या गालात हसतात. लेक आता दवाखान्यात काम करते आणि आईला म्हणते, मशीन सोड. मावशींना ते पटत नाही. "मशीन सोडलं तर मी कोण?" असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, अगदी साध्या आवाजात, फडकं पिळता पिळता.

या वर्षी काहीतरी बिनसलं. सहा महिन्यांत मावशींच्या हातून दोन गाड्यांचे पत्रे जळले. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच तुकडा लावून दाखवलं. दुसऱ्या वेळी मालकाने सगळ्यांसमोर सांगितलं, "तिसऱ्यांदा झालं तर मशीन दुसऱ्याच्या हातात जाईल." हे सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होतं. मलाही.

आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी माझी गाडी पॉलिश होऊन आली. दहा तुकडे, दहाही जुने, ओळखीचे. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी घरासमोर ती धुतली, आता अर्थातच मऊ कापडाने. पांढऱ्या कापडावर काळं मेण उतरलं. डाव्या दाराच्या मुठीखाली, जिथे पत्र्याला धार आहे तिथे, तळव्याएवढा निस्तेज डाग वर आला. थर जळालेला होता. त्यावर काळं मेण भरून तो झाकला होता आणि शेजारी पिवळा तुकडा नव्हता.

जळल्याचं मला एवढं वाटलं नसतं. लपवलं याचं वाटलं. सगळं जग लपवतं, पण मावशी? मी तसाच गाडीत बसलो. बायको दारातून म्हणाली, "आधी पाणी प्या, मग भांडायला जा." मी थांबलो नाही.

मावशी शेडच्या कोपऱ्यात स्टोव्हवर चहा उकळत होत्या. मालक आत कागद चाळत बसला होता. मी काही बोलण्याआधी त्यांनी दोन स्टीलच्या पेल्यांत चहा ओतला, दोन्ही पेले हातात घेऊन आल्या आणि एक माझ्यापुढे धरला. मी घेतला आणि तसाच हातातून सोडला. चटकाच तसा बसला. चहा माझ्या चपलेवर. मी बोटं झटकत होतो आणि मावशी दुसरा पेला चार बोटांनी घट्ट धरून माझ्याकडे बघत होत्या, काय झालं म्हणून.

मग त्यांना कळलं. त्यांनी पेला हळूच खाली ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल. आधी बोटं थंडीत पांढरी पडायची. आता नेहमीच." त्यांनी बोटं पुढे केली. टोकं मेणासारखी फिकी होती, आणि चटक्याने लाल व्हायला हवीत तिथेही फिकीच. "मशीनच्या थरथरीने होतं म्हणे. लेकीने डॉक्टरांना दाखवलं. पत्रा तापलेला कळतच नाही मला. नाकाला वास येतो तोवर जळलेला असतो."

"आणि दार?"

"हो. तुझं दार मीच जाळलं. आणि लपवलं. आयुष्यात पहिल्यांदा. आठवडाभर झोप नाही मला."

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की चपलेतल्या चहाकडे बघत राहिलो. ज्या बोटांनी केसाएवढी चीर ओळखून मला घाटातल्या मरणातून वाचवलं, ती बोटं माझ्यासारख्यांच्या गाड्या चमकवता चमकवता गेली होती. आणि मी त्यांना जाब विचारायला आलो होतो. मी म्हणालो, "मावशी, जाऊ दे. मला काही दिसलं नाही. मालकाला कळणार नाही."

"म्हणजे आता तूही लपवणार?"

त्यांनी खिशातून टेपची गुंडाळी काढली आणि बाहेर माझ्या गाडीपाशी गेल्या. नखाने टेपचं टोक शोधू लागल्या. गुंडाळी एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. टोक त्यांच्या बोटाखालून दोनदा गेलं, मला दिसत होतं, त्यांना लागत नव्हतं. मी गुंडाळी घेतली, टोक सोडवलं, तुकडा फाडून त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो दाराच्या डागाशेजारी लावला, अंगठ्याने दाबला आणि हाक मारली, "मालक, जरा बाहेर या."

मालकाने डाग पाहिला, मग मावशींची बोटं पाहिली, मान खाजवली. बराच वेळ खाजवली.

"मशीन आजपासून बंद," तो म्हणाला.

मावशींनी मान हलवली. शर्टाची वरची बटणं सोडू लागल्या, तो गॅरेजचा शर्ट होता म्हणून. माझं डोकं पुन्हा तापलं, पण या वेळी जागा तरी बरोबर होती. "मालक, माझ्या गाडीची चीर काही मशीनने शोधली नव्हती," मी म्हणालो.

"तू ओरडू नकोस. मशीन बंद म्हणालो मी. कामावर येऊ नका, असं कोण म्हणालं?" आणि मावशींना म्हणाला, "तो शर्ट राहू द्या अंगावर. तुमचे तुकडे लागल्याशिवाय इथून गाडी बाहेर जात नाही, हे गिऱ्हाइकांना कोण सांगणार, मी?"

"बोटांना लागत नाही," मावशी म्हणाल्या. "मग तुकडा लावू कुठे?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते आपल्याला सुचलं याचा मला अजून अभिमान आहे. मी शेडमध्ये जाऊन पातळ पिशवी आणली आणि तिच्यात स्वतःचा हात घातला.

तेव्हापासून त्या गॅरेजचा नियमच झाला आहे. गाडी न्यायची असेल तर ड्रायव्हरने आधी पिशवीत हात घालायचा. मावशी मनगट धरतात आणि तो हात पत्र्यावरून फिरवतात. भलेभले, मिशा पिळणारे गडी शाळेतल्या मुलांसारखे उभे असतात आणि विचारलं की घाबरत सांगतात, इथे खरखरतंय, इथे काही नाही. चुकलं की मावशी म्हणतात, "पुन्हा." डोळे त्यांचे, बोटं आमची.

माझं दार नव्याने रंगवून झालं तेव्हा पहिली पाळी माझी होती. सकाळचं तिरपं ऊन गाडीवर पडलं होतं. मावशींनी माझं मनगट धरलं आणि हात मुठीखालून सावकाश नेला.

"काय लागतं?"

"काही नाही."

"नीट बघ. घाई कशाची?"

मग लागलं. खसखशीएवढं, रंगात अडकलेला धुळीचा कण. "इथे," मी म्हणालो, आणि मावशींचा चेहरा असा फुलला, जणू त्यांच्याच बोटाला तो लागला. तुकडा मी फाडला, त्यांनी लावला. तिथून त्या मला पलीकडे ड्रायव्हरच्या बाजूला घेऊन गेल्या, खाली वाकवलं आणि केबिनचा खांब टेकतो त्या जागेवर माझा हात ठेवला.

"आणि इथे?"

मी बोटं पुढे-मागे केली. डोळे मिटून केली.

"इथे काही नाही मावशी. गुळगुळीत आहे." मग तीन वर्षं राहून गेलेलं एकदाचं बोललो. "तुम्ही होतात म्हणून मी आहे. माझं घर आहे. मी कधी बोललो नाही."

मावशींनी माझं मनगट सोडलं नाही. त्यांची थंड, फिकी बोटं माझ्या हातावर तशीच राहिली.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "आता मागचा फाळका. ऊन आहे तोवर बघून घेऊ."