ग्रीन बिल्डिंगमधलं वाळवण

आमची नवी इमारत पर्यावरणपूरक आहे. तसं प्रमाणपत्र मिळालंय आणि फाटकावर चकचकीत पितळी पाटीही लागलीय. काल दुपारी शेजारच्या आजी गॅलरीत साडी वाळत घालत होत्या. खालून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले, "आजी, कपडे आत घ्या! बाहेरून किती गचाळ दिसतं! वाळवायला मशीन दिलंय ना?"

"अहो, एवढं ऊन पडलंय की!" आजी पुटपुटल्या आणि ओली साडी घेऊन आत गेल्या.

मग भिंतीपलीकडे मशीनची घरघर सुरू झाली. म्हणजे गॅलरीतलं ऊन चालत नाही. तेच ऊन गच्चीवरच्या सोलर पॅनेलनी गोळा करायचं, त्याची वीज करायची आणि ती साडी वाळवायला खाली धाडायची. काय ही अक्कल! दोरी बांधून हेच काम आपण जन्मभर केलं, पण दोरीला प्रमाणपत्र कोण देणार?

थोड्या वेळानं खाली उतरलो, तर वॉचमननं आपला ओला पंचा त्या पितळी पाटीवर पसरला होता. पाटी उन्हानं चांगली तापली होती. बसवल्यापासून पहिल्यांदाच ती कुणाच्या तरी उपयोगी पडत होती.